बारा इंचांचे माजघर

नवी दिल्ली बांधणाऱ्या ल्युटेन्ससाहेबांनी इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुलीघरही उभारले. १९२४ साली ते पुरे झाले. माप फुटाला एक इंच. विजेचे दिवे आहेत आणि नळाला चक्क पाणी! म्हणजे त्या बाबतीत बाहुल्या आम्हा जालनेकरांच्या पुढेच.

तेच माप धरून मी जुन्या जालन्यातल्या आमच्या वाड्याचे माजघर करायला घेतले. वाटणीत त्याच्या मधोमध भिंत आली. तेव्हापासून ते अख्खे असे फक्त डोक्यातच आहे. बारा फुटांचे बारा इंच. माळदाला आइस्क्रीमच्या काड्या, उतरंडीला रिठे, कोनाड्यांना काडेपेट्या.

कोनाड्यांवर मात्र घोडे अडले. अण्णा म्हणतात दोन, आई तीनावर ठाम. कॅशमध्ये रुपयाचा फरक आला तरी आम्ही घरी जात नाही. इथे तर अख्खा कोनाडा! शेवटी भिंतीपलीकडच्या काकूंना फोन लावला. सात वर्षांनी.

"तीनच रे. तिसरा आमच्याकडे आलाय. ये की मोजायला."

फूटपट्टी घेऊन गेलो. काकूंनी आधी चहा टाकला. कोनाड्यात गॅसची पुस्तके आहेत. रुंदी नऊ इंच, म्हणजे आपल्या मापाने पाऊण. काडेपेटी कापावी लागणार.