सुक्याबरोबर ओलं

सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण सहसा आग विझल्यावर ऐकू येते, आणि ती म्हणणारा बहुधा आग लावणाऱ्यांपैकीच असतो. ओल्याला कुणी विचारत नाही.

पण ही आग चुलीतली की रानातली? चुलीतली असेल तर म्हण सपशेल खोटी आहे. ओलं लाकूड सुक्याबरोबर जळत नाही. ते धुमसतं, डोळ्यांतून पाणी काढतं आणि पेटत्या सुक्यालाही विझवतं. पावसाळ्यात चूल पेटवलेल्या कुणालाही विचारावं. रानातली असेल तर ओलं म्हणजे जिवंत झाड, आणि ते वणव्यात खरंच जळतं. शिवाय चूल कुणीतरी पेटवलेली असते, वणवा मात्र नुसता ‘लागतो’. म्हणीने हे सगळं एकाच मोळीत बांधलंय. वर एक गृहीत बिनबोभाट पुढे सरकवलंय, की ओलं कोणतं आणि सुकं कोणतं हे हात लावला की कळतं.

‘आर्काइव्ह’वर हा हात लावायचा उद्योग रोज चालतो. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये लॉस अलामोसला सुरू केलेल्या या प्रीप्रिंटच्या, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीच्या निबंधांच्या, साठ्यात आता महिन्याला वीस हजारांहून अधिक निबंध येतात. मॉडरेटर स्वयंसेवक आहेत. निबंध बरोबर आहे का, हे ते तपासत नाहीत. विषयाला धरून आणि शास्त्रीय वाटतो का, एवढंच चाळून बघतात. २००४पासून नवख्या लेखकाला त्या विषयातल्या जुन्या लेखकाचा दुजोरा लागतो. संगणकही आपली चाळणी लावतो. बाहेरच्या माणसाचा निबंध पुष्कळदा त्यातल्या क्षुल्लक जोडशब्दांच्या वापरावरूनच वेगळा पडतो, असं गिन्सपार्ग यांनीच सांगितलंय. म्हणजे सिद्धांताच्या आधी माणसाच्या बोलण्याची ढब पकडली जाते.

ज्यांना तिथे दार उघडलं नाही त्यांच्यासाठी फिलिप गिब्ज यांनी २००९मध्ये आर्काइव्हचं इंग्रजी नाव (arXiv) उलटं लिहून ‘व्हिक्स्रा’ (viXra) काढलं. तिथे जवळपास सगळंच घेतात.

गणिती जॉन बाएझ यांनी तर विज्ञान उलथवून टाकू पाहणाऱ्या अशा क्रांतिकारकांसाठी गमतीची गुणपत्रिकाच केली आहे. सुरुवात उणे पाचपासून. स्वतःची तुलना गॅलिलिओशी केली की एकदम चाळीस गुण. जितके गुण जास्त, तितका माणूस चक्रम.

जॉन जेम्स वॉटरस्टन यांना किती मिळाले असते?

हे एडिंबरोचे गृहस्थ १८३९पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलाच्या कॅडेटांना शिकवत होते. १८४३मध्ये त्यांनी निनावी एक पुस्तक छापलं. विषय मनाचे व्यापार, आणि त्यातच वायूच्या कणांविषयीचे विचार. चक्रमपणाचे गुण इथेच सुरू व्हावेत. १८४५च्या डिसेंबरात त्यांनी मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे निबंध पाठवला. वायू म्हणजे सैरावैरा धावणारे, एकमेकांवर आपटणारे लवचीक कण; त्यांच्या वेगाच्या वर्गावरून तापमान ठरतं; आणि मिश्रणात जड कण सावकाश धावतात, हलके जोरात, पण सरासरी ऊर्जा सगळ्यांची सारखी. आज हे पाठ्यपुस्तकात आहे. एका परीक्षकाने त्याला निव्वळ बाष्कळपणा ठरवलं. सारांश तेवढा छापला गेला, निबंध दप्तरात पडला. सोसायटीपुढे वाचलेला निबंध परत मिळत नसे आणि वॉटरस्टन यांनी नक्कल ठेवली नव्हती.

परीक्षकाला मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. निबंधात चुका होत्या. विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तराचं गणित घसरलं होतं. पाच तृतीयांशऐवजी चार तृतीयांश आलं होतं.

पुढे भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी तीच वाट स्वतंत्रपणे चालून दाखवली. वॉटरस्टन १८८३च्या जूनमध्ये घरातून फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. त्यांच्या १८५८च्या, ध्वनीवरच्या एका लेखात जुन्या निबंधाचा उल्लेख होता. त्यावरून भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१मध्ये दप्तर धुंडाळून तो काढला आणि पुढच्या वर्षी छापला. निबंध पडून राहिल्याने विषय दहा-पंधरा वर्षं मागे पडला असावा, असं रॅले यांनी त्याला जोडलेल्या प्रस्तावनेत म्हटलं. मात्र त्याच प्रस्तावनेत त्यांनी अनोळखी तरुण लेखकांना सल्लाही दिला, की आधी छोट्या, सहज पारखता येणाऱ्या कामांनी नाव मिळवा, मोठ्या भराऱ्या नंतर. अन्याय दूर करणाऱ्या माणसाचाही कल दुजोऱ्याकडेच.

आणि छापला असता, तरी कुणी वाचला असता का? जॉन हेरापथ यांची अशीच कल्पना रॉयल सोसायटीत अडली, १८२१मध्ये दुसरीकडे छापूनही आली, तरी फारशी कुणी मनावर घेतली नाही. त्यांनी तापमान वेगाच्या वर्गाऐवजी संवेगाशी जोडलं होतं. म्हणजे दुर्लक्ष झालं ते चुकीमुळे की नवेपणामुळे, हेही धड सांगता येत नाही.

वॉटरस्टन यांचा निबंध रॅले यांना ओळखता आला तो तोवर उत्तर सगळ्यांना ठाऊक झालं होतं म्हणून. उत्तर ठाऊक नसताना त्यांनी तेच दप्तर उघडलं असतं, तर? आज व्हिक्स्रावर हजारो निबंध कुणालाही उघडता येतील असे पडले आहेत. १८५८च्या लेखासारखा पत्ता सांगणारा उल्लेख त्यांतल्या एखाद्याविषयी कुठे असेलही. पण तो ज्या लेखात असेल, तो लेख कुणी वाचत असेल का?