चिको येथील एक पेला

सॅक्रमेंटोस चिरंजीवांकडे मुक्काम असताना २०१९ च्या फेब्रुवारीत उत्तरेकडील चिको या गावी जाण्याचा योग आला; आणि मुंबई राज्यातील दारूबंदीच्या अमदानीत वाढलेल्या, मद्याकरिता सरकारी परवाना काढावा लागे हे घरातच पाहिलेल्या माझ्यासारख्या मनुष्याने, सिएरा नेवाडाच्या मद्यशाळेतील तांब्याच्या प्रचंड कढया पाहून झाल्यावर, सूनबाईंच्या आग्रहास्तव पेला हाती घेतला.

पेल्यातील बिअर ‘रेझिलियन्स’ या नावाची होती. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी विद्युतवाहिनीपासून लागलेल्या वणव्याने चिकोच्या पूर्वेस डोंगरावर वसलेले पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण गिळले, ८५ माणसे दगावली, १८,००० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या, आणि ज्यांची घरे गेली त्यांत या कारखान्याचेही कित्येक नोकर होते. तेव्हा मालक केन ग्रॉसमन यांनी जे केले ते व्यापारी शिरस्त्याला सर्वस्वी सोडून होते: आयपीए जातीची एक बिअर योजून तिची कृती त्यांनी देशभरच्या मद्यकारांना, म्हणजे व्यवहारात आपल्या प्रतिस्पर्ध्यांनाच, धाडली, आणि २७ नोव्हेंबरला सर्वांनी ती आपापल्या भट्टीवर चढवून विक्रीची सारी रक्कम आपद्ग्रस्तांना द्यावी अशी विनंती केली. १,४०० हून अधिक मद्यशाळांनी ती मान्य केली. कित्येक पुरवठादारांनी माल्ट आणि हॉप्स विनामूल्य दिले.

मला खरे कौतुक वाटले ते त्या कृतीच्या साधेपणाचे. कॅस्केड आणि सेंटेनियल, एवढ्या दोनच जातींचे हॉप्स. दोन्ही कोणत्याही लहान मद्यकाराच्या कोठारात असायचे. त्यांतला कॅस्केड तर याच कारखान्याने नावारूपास आणलेला. १९७२ साली ओरेगॉनमधून बाहेर पडलेली ही जात ग्रॉसमन आणि पॉल कमुसी यांनी १९८० मध्ये, दुग्धालयांतून मोडीत निघालेली भांडी जोडून उभारलेल्या आपल्या भट्टीत सढळ हाताने वापरली, आणि फिकट, मिळमिळीत बिअरला सरावलेल्या अमेरिकेला कडवटपणाची गोडी लावली. हॉप्स दीर्घ काळ उकळले की कडवटपणा उतरतो, पण सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून काही हॉप्स अखेरीस, आणि काही तर आंबवण उरकत आल्यावर, न उकळताच घालतात. पपनसाच्या सालीचा जो दरवळ पेला ओठांशी नेण्यापूर्वीच मला आला, तो या उशिराच्या हॉप्सचा.

आम्हांला पेले आणून देणाऱ्या मुलीचे आजोळ पॅराडाइजचे. “आजीचे घर गेले, आजी वाचली,” एवढे सांगून ती दुसऱ्या मेजाकडे वळली; आम्हांला काय बोलावे ते सुचले नाही.

पुढे सॅक्रमेंटोतील एका छोट्या मद्यशाळेत हीच बिअर घेतली, तर ती रंगाने गडद आणि जिभेवर किंचित खरखरीत लागली. कृती तीच, पाणी निराळे, यीस्ट निराळे, हात निराळे. चिरंजीवांना चिकोची सरस वाटली. मला मात्र ही दुसरी आवडली, कारण तिच्यात कारागिराची धडपड चाखता येत होती.

हिशेबाची बाजू तितकीशी निर्मळ राहिली नाही. बिअर विकली गेली तरी अनेक मद्यशाळांचा भरणा रखडला आणि चिकोहून त्यांना तगादे धाडावे लागले, हे वृत्तपत्रांत वाचले तेव्हा वसूलबाकीच्या दप्तरात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला त्याचे फारसे नवल वाटले नाही.