जुनी गाडी किती पळेल?

स्वस्तातली जुनी स्पोर्ट कूपे, म्हणजे दोन दारांची, बसक्या छपराची, मुळातच पळण्यासाठी बांधलेली गाडी, भारतात जवळजवळ झालीच नाही. जपानमध्ये टोयोटाची एई८६, निसानची सिल्व्हिया, होंडाची प्रेल्यूड या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या तेव्हा तिथल्या हौशी पोरांच्या हाती लागल्या. आपल्याकडे दोन दारांची गाडी म्हणजे मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, बंगलोरची फायबरच्या बॉडीची सिपानी डॉल्फिन, आणि मारुतीने २००३ मध्ये मोजक्याच काढलेल्या झेन कार्बन व झेन स्टील. बाहेरून आणावी म्हटले, तर वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर सर्वसाधारण नियमाने ती देशात येत नाही, आणि आलीच तर जकात तिच्या किमतीला मागे टाकते. म्हणून कूपेची रिकामी जागा इथे १९९८ ते २००५ या काळातल्या चपळ सेडान आणि हॅचबॅक गाड्यांनी भरून काढली.

भोपाळच्या हबीबगंज भागात, दहा नंबर मार्केटपासून अरेरा कॉलनीपर्यंत, अशा गाड्यांचा विषय निघाला की नावे ठरलेली असतात. होंडा सिटी १.५ व्हीटेक, ताकद १०६ अश्वशक्ती. फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, १०० अश्वशक्ती, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली. मारुतीची पहिली बलेनो, ९४ अश्वशक्ती. फोर्ड आयकॉन १.६. आणि या सगळ्यांच्या वर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती, औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवलेली. वाद बहुधा सिटीवाले आणि ऑक्टाव्हियावाले यांच्यात पेटतो. पालिओवाले मधूनमधून वळणावरच्या पकडीचा मुद्दा आणतात आणि ॲव्हरेजचा विषय निघाला की गप्प बसतात.

आकड्यांवर भांडण लवकर मिटत नाही, कारण आकडा एकटा काही सांगत नाही. सिटी हजार किलोच्या आसपास, ऑक्टाव्हिया तेराशेच्या पुढे. टनामागे अश्वशक्ती काढली तर दोघींत फारसे अंतर उरत नाही. फरक पडतो तो ताकद कुठे मिळते त्यात. सिटीचे इंजिन वरच्या फेऱ्यांत जागे होते. गिअर खाली टाकून पिळले नाही तर ती साधी घरगुती गाडी. टर्बो इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या जरा पुढे गेले की जोर धरते आणि गिअर न बदलता ट्रक ओलांडते. होशंगाबाद रोडवर ऑक्टाव्हिया सरस वाटते ती यामुळे.

भोपाळची हवाही हिशेबात धरावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ५ टक्के विरळ. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत आणखी ८-९ टक्के घट. टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढेच पेट्रोल जाळणार, म्हणजे १०६ ची सिटी भर उन्हाळ्यात ब्याण्णवच्या आसपासच देते. टर्बो उंचीची भरपाई बरीचशी करतो, पण त्याची गरम झालेली हवा थंड करायला इंटरकूलरला बाहेरची हवाही गरमच मिळते. त्यात भर म्हणून बॉनेटखाली उघडा शंकूसारखा एअर फिल्टर बसवण्याची फॅशन आहे. आवाज झकास येतो. इंजिन मात्र रेडिएटरमागची तापलेली हवा पिते. कंपनीचा बंद डबा आणि बंपरमागून हवा आणणारी नळी काढून टाकणे हा या शहरात पैसे देऊन ताकद घालवण्याचा प्रकार आहे.

पण वीस वर्षांच्या गाडीत कंपनीने दिलेली ताकद शिल्लक किती, हा प्रश्न सुधारणेच्या आधीचा. त्याचे उत्तर कॉम्प्रेशनच्या मीटरमध्ये मिळते. इंजिन गरम करायचे, चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद करायचे. मीटर प्लगच्या भोकात हाताने आवळायचा, ॲक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर फिरवायचा. काटा टप्प्याटप्प्याने चढतो आणि चार-पाच झटक्यांत थांबतो. १८०, १७५, १८० असे आकडे आले आणि चौथ्या सिलिंडरला १३० वर काटा थांबला, तर विकणाऱ्याचे पुढचे बोलणे ऐकायची गरज नाही. त्याच भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवायचे. काटा वर गेला तर रिंगा गेल्या. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. रिंगा म्हणजे इंजिन खोलणे आलेच. हेडचे काम तुलनेने स्वस्तात होते. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, आणि ती करू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

इंजिन ठीक निघाले तरी पैसा आधी खाली जातो. बुश कडक होऊन चिरलेले असतात. लोअर आर्ममध्ये टॉमी घालून दाबली की चाक जागच्या जागी सरकते. शॉकअप गळलेले, ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे न बदलल्याने पाणी शोषलेले, टायर खाच असूनही लाकडासारखे कडक. टायरवरचे चार आकडी उत्पादन-चिन्ह आठवडा आणि वर्ष सांगते, ते वाचायची सवय हवी. एवढे सगळे मूळ मापावर आणले की बहुतेकांना आपली गाडी 'ट्यून' झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती पहिल्यांदाच कंपनीसारखी चालत असते.

यापुढे वाढवता येईल ते किती? टर्बो नसलेल्या इंजिनात एक्झॉस्ट, हवेचा मार्ग आणि ट्यूनिंग मिळून पाच-दहा अश्वशक्ती हाती लागली तरी खूप. त्याहून जास्त हवी तर कॅम आणि हेड, म्हणजे गाडीच्या किमतीएवढा खर्च. ऑक्टाव्हियाच्या संगणकातला नकाशा बदलला की १५० ची १८० ते १९० होते, तेही एका दुपारी. कागदावर वाद इथेच संपायला हवा. पण क्लच, रबरी व्हॅक्यूम नळ्या, कॉइल आणि टर्बो स्वतः हे वाढलेले ओझे सोसायला वीस वर्षांनंतर तयार असतातच असे नाही. सिटीचे भाग कबाडखान्यात हात घालून मिळतात. ऑक्टाव्हियाचे शोधावे लागतात.

आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोलही आले. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या गाडीचे ॲव्हरेज त्याने ६-७ टक्के उतरते, आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात. इंधनाच्या नळ्या आणि ओ-रिंग बदलणे हा खर्च आता हौसेत नाही, अनिवार्य यादीत मोजावा.

कागदांकडे हौशी माणूस शेवटी बघतो, खरे तर आधी बघायला हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीचे ते शुल्क ६०० वरून ५००० रुपयांवर गेले. पुण्या-मुंबईची एमएच गाडी स्वस्त दिसते म्हणून उचलणाऱ्याने तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स किमतीत धरावा, मग एमपी ०४ ची पाटी लागते.

गाडीची खरी मजल बघायला व्हीआयपी रोड नव्हे. तलावाकाठी संध्याकाळी माणसे फिरतात. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. गाडी घेऊन गेले आणि शिरले असे तिथे होत नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरत आलेल्या 'द व्हॅली रन'सारख्या ड्रॅग शर्यतींत घड्याळ खोटे बोलत नाही, आणि चौकातले बरेच दावे तिथे विरघळतात.

हबीबगंजात एकच गाडी ठेवणार असाल तर पूर्ण कागदांची, चारही सिलिंडर सारखे असलेली व्हीटेक सिटी घ्या आणि पहिले पैसे टायर-ब्रेकला घाला. ऑक्टाव्हिया आरएस घराबाहेर दुसरी गाडी उभी असलेल्यानेच घ्यावी.