अण्णांचं प्रगतिपुस्तक

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं ते साताऱ्यात, शनिवार पेठेतल्या घरी. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात. आमच्याकडे झोपेत झालेलं सकाळी कळलं, त्यामुळे तो विषयच संपला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, शब्द मात्र शाबूत राहिले. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर ‘प्रकृतीत सुधारणा’ एवढंच लिहून आलं. किती, कशात, पुढे काय, याचा पत्ता नाही. मी अण्णांना आणि आईला सांगलीला विश्रामबागेत माझ्याकडे आणलं.

सांगली-मिरजेच्या माणसाला डॉक्टरांचं अप्रूप नाही. वानलेस साहेबांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून चार जिल्ह्यांतली माणसं इकडेच धाव घेतात. पण अर्धांगवायूत खरं काम घरी आल्यावर सुरू होतं, आणि ते करतात स्कूटीवरून घरोघर फिरणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुली. आमच्याकडे आली ती कराडला शिकलेली, जेमतेम पंचविशीची. तिचं नाव लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही.

पहिल्या दिवशी तिने अण्णांच्या हाताला हातही लावला नाही. दोनशेपानी वही उघडली आणि विचारत बसली. जेवण, आंघोळ, दाढी, कपडे, शौच-लघवीवर ताबा, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीवर येणं, चालणं, जिना. ही बार्थेल इंडेक्सची यादी. डोरोथिया बार्थेल ही फिजिओथेरपिस्ट आणि फ्लॉरेन्स महोनी ही डॉक्टर, या दोघींनी 1965 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ती छापली. दहा बाबी, शंभर गुण. मूळ यादीत जेवणाच्या गुणांसाठी पावाला लोणी फासता येणंही धरलंय. आमच्या बाईंनी तिथे ‘भाकरी मोडणे, आमटीत कुस्करणे’ असं लिहून घेतलं.

अण्णांना 25 गुण पडले. आयुष्यभर गणिताचे पेपर तपासलेला माणूस. वाकड्या तोंडाने म्हणाले, “नापास.”

“शर्ट स्वतः घालतात का?” तिने विचारलं.

“मी घालते की,” आई म्हणाली.

“मग शून्य, काकू. काका काय करू शकतील ते मी लिहीत नाही, काय करतात ते लिहिते.”

आईला ते लागलं. पण दुसऱ्या दिवसापासून शर्टाच्या वेळी तिला स्वयंपाकघरात धाडलं जाऊ लागलं. आधी लुळा हात बाहीत, चांगल्या हाताने बाही खांद्यापर्यंत ओढायची, मग शर्ट पाठीमागून फिरवून आणायचा, चांगला हात सगळ्यात शेवटी. काढताना उलट क्रम. अण्णांची कॉलर दर वेळी मानेमागे दुमडून अडकायची. ती दोन पावलांवर उभी राहून बघत असायची, हात पुढे करायची नाही. आत आईची भांडी जरा जास्तच आपटत.

गुण चढत गेले तसे आम्ही हरखलो. एक दिवस मी म्हटलं, “हात आला म्हणायचा आता!” ती म्हणाली, “दादा, हे मार्क डाव्या हाताचे आहेत.” मग तिने वेगळा कागद दाखवला. फुगल-मायर, स्वीडनमधली 1975 ची मोजणी. त्यात नुसत्या हाताला 66 गुण. अंगठा आणि तर्जनीत कागदाचा चिटोरा धरायचा, ती हळूच ओढणार. अण्णांच्या बोटांतून तो दर वेळी निसटायचा. माणूस एका हाताने संसार शिकतो, आणि त्यात गेलेला हात मात्र तिथेच राहू शकतो. हे दोन हिशेब तिने कधी एकात मिसळू दिले नाहीत. खोटी आशा विकणारे मला या काळात पुष्कळ भेटले. तेलवाले, पट्टेवाले, कुणाचा तरी मेहुणा. फी तर तिलाही दिली, पण हा खरेपणा काही फीमध्ये येत नव्हता. मी तिचा ऋणी आहे तो यासाठी.

पुढे दिव्यांग प्रमाणपत्र काढायची वेळ आली. सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. अण्णांना गंमत वाटली. “हिच्या वहीत मार्क वाढले की पास, सरकारी कागदावर कमी पडले की नापास.” प्रमाणपत्र मिळालं.

बार्थेल 85 वर थांबला. जिन्यावर कुणीतरी मागे लागतं, बटणं अर्धीच लागतात, आणि आंघोळीचे 5 गुण आई सोडायला तयार नाही. पाठ मीच चोळणार म्हणते. बार्थेल-महोनींनी तेव्हाच बजावलं होतं की शंभर मिळाले तरी माणूस एकटा राहू शकेल असं नाही. स्वयंपाक, घर, लोकांत मिसळणं यात धरलेलंच नाही. अण्णांचा साताऱ्याचा कट्टाही यात कुठे बसत नाही.

तुमच्या घरी कुणाच्या अंगावरून वारं गेलं, तर फिजिओथेरपिस्टला पहिल्याच भेटीत गुण मांडायला सांगा, तारीख घालून. हाताचे वेगळे, कामांचे वेगळे. आणि ती वही तुमच्याकडे ठेवून घ्या.