जवसाचं तेल, डांबरगोळ्या वगैरे

जयपुरात खातीपुरा दोन आहेत. एक रेल्वे स्टेशन, शहराच्या पूर्वेला, दिल्लीकडे जाणाऱ्या मार्गावर. दुसरा आमचा, पश्चिमेला, झोटवाड्याच्या बाजूचा. पहिल्यांदा आले तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, ‘कौनसा खातीपुरा?’ मला काय ठाऊक! मुलाला फोन लावून रिक्षावाल्याच्या हातात दिला. खाती म्हणजे इकडे सुतार. म्हणजे नावानं तरी मी सुतारआळीत राहायला आले. आमच्या गल्लीत खाती आता एकच उरला आहे.

*

तो लाकडाला जवसाचं तेल लावतो. आपल्याकडचे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते. परवा पाटाला तेल लावून घ्यायला गेले होते. काम झाल्यावर त्यानं तेलाची चिंधी चुरगाळून टाकली नाही, नीट उलगडून भिंतीवर पसरली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘माताजी, गोला बनाके रखो तो आग पकड़ लेता है.’ बापानं शिकवलेलं.

बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण हे उदाहरण मला एकदाही सुचलं नव्हतं. पाणी वाळतं ते उडून जातं म्हणून. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडावर कडक साय धरते. हे सगळं मुक्त मूलकांचं काम. त्यात उष्णता निघते. चिंधी पसरलेली असली तर ती हवेत जाते, बोळा असला तर आतच साठते, आणि एखाद्या रात्री दुकान पेटतं.

*

मुक्त मूलक म्हणजे ज्या अणूत किंवा रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिला आहे, तो. वर्गात मी पंगत सांगायची. पाट एक कमी पडला. उभा राहिलेला शेजारच्याचा पाट ओढतो, तो उठतो आणि त्याच्या शेजारच्याचा ओढतो. टोकापर्यंत धांदल. दोन उभे एकमेकांना भेटले आणि एकाच पाटावर दाटीनं बसले, तर ती थांबते. नाहीतर घरातली कोणी बाई पुढे होऊन म्हणते, ‘घ्या माझा, मी मागून बसते.’ ही बाई म्हणजे अँटिऑक्सिडंट. तीही आता बिनपाटाचीच, पण दुसऱ्याचा ओढत नाही. पेशीच्या पातळ, तेलकट आवरणात हे काम ई जीवनसत्त्व करतं आणि त्याला त्याचा पाट परत मिळवून देतं ते क जीवनसत्त्व.

मुली हसायच्या. एकीनं विचारलं होतं, ‘बाई, मागून बसणारी दर वेळी बाईच का?’ उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षीपासून ‘घरातलं कोणी’ म्हणू लागले.

*

शेजारचा मुलगा दहावीत आहे, हिंदी माध्यम. विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला, ‘आंटीजी, विकृतगंधिता समझा दो.’ क्षणभर वाटलं, हा काय रोग! मग पुढचं वाचलं. तेल-तूप जुनं झालं की वास बदलतो, ते. अरे, हे तर खवट! मी डब्यातलं जुनं सुकं खोबरं त्याच्या नाकाशी धरलं. विकृतगंधिता त्याला जन्मात विसरता येणार नाही. ऑक्सिडीकरणाला इकडे उपचयन म्हणतात आणि आपल्या क्षपणाला अपचयन. शब्द वेगळे झाले तरी खोबरं तेच.

*

जवसाची चटणी इथे करायची तर पंधरा दिवसांत संपेल एवढीच करते. जो गुण सुताराच्या कामाचा, तोच चटणीच्या मुळावर येतो. उलट तिळाचं तेल किती दिवस टिकतं! त्यात सेसमॉलसारखी स्वतःची संरक्षक द्रव्यं असतात. जवसाला हवेनं गाठलं तर तो बिचारा उघडाच.

रिफाइंड तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत बघा. बऱ्याच पिशव्यांवर ‘अँटिऑक्सिडंट ३१९’ असं सापडेल. ते टीबीएचक्यू. तब्येतीसाठी घातलेलं नसतं, तेल दुकानात खवट होऊ नये म्हणून असतं. म्हणजे महागडी गोळी न घेताही आपण अँटिऑक्सिडंट रोज खातो आहोत. हे सांगितल्यावर ‘हे’ म्हणाले, मग डबल फोडणी दे.

*

कचोरी. जयपुरात राहून कांद्याची कचोरी खायची नाही हा नियम मी स्वतःला लावला नाही. फक्त कढईत डोकावून घेते. तेल काळं, चिकट, फेस बसत नाही, धूर लवकर निघतो, मग पुढच्या दुकानात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे: १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. त्याच वर्षी वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची योजनाही निघाली. एका दुकानात विचारलं, तेल कधी बदलता? मालक म्हणाला, ‘बदलते कहाँ हैं, मिलाते हैं.’ उत्तर प्रामाणिक होतं. मी घरी येऊन पोहे केले.

*

टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसतात, त्याही याच जातीच्या. हवा, ऊन आणि ओझोन रबराला खातात. अँटिऑक्सिडंटचा धंदा रबर टिकवण्यापासून वाढला, माणूस टिकवण्याचा पुढे निघाला. इथल्या उन्हात मुलाची उभी गाडी पाहून पटतं.

*

थोडा इतिहास, विसरायच्या आत. १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्गनं पहिलं मुक्त मूलक दाखवलं. शरीराशी त्याचा संबंध बरीच वर्षं कुणी फारसा लावला नाही. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या बाईंनी मांडलं की जास्त ऑक्सिजन आणि क्ष-किरण यांची इजा एकाच वाटेनं होते, मुक्त मूलकांच्या. १९५६ मध्ये डेनम हार्मननं म्हातारपणच त्यांच्यावर ढकललं. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना असं एन्झाइम सापडलं ज्याचं कामच सुपरऑक्साइड हे मूलक निकामी करणं. म्हणजे शरीराला हा शत्रू आधीपासून ठाऊक होता आणि त्यानं पहारेकरीही नेमला होता.

पहारेकरी सापडल्यावर बाजारानं दुसरा पहारेकरी बाटलीत भरून विकायला काढला.

*

कॉलनीतल्या एक बाई आल्या होत्या. जांभळ्या रसाची बाटली, किंमत ऐकून मी पदर सावरला. ‘आंटीजी, इसमें एंटीऑक्सीडेंट है.’ संधिवात, साखर, केस, सगळं. त्यांना चहा दिला. चहातही आहेत म्हटलं.

राग आला तो नंतर. बाईंचा नाही, त्यांनाही कमिशनवर घर चालवायचं आहे. राग आला त्या एका उडीचा: परीक्षानळीत एखादा रस मूलकं शोषतो, म्हणून पोटातही तेच करेल. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या अशा ‘ताकदी’चा तक्ता महाजालावर ठेवला होता. लोक त्याचा जाहिरातीसाठी गैरवापर करतात आणि त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ लागत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. जाहिराती राहिल्या.

*

यातली खरी गोष्ट फिनलंडची. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, पन्नाशी-साठीतले. गाजरातलं बीटा-कॅरोटीन खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं निरीक्षण होतं, म्हणून काहींना त्याच्या गोळ्या दिल्या. निकाल १९९४ मध्ये आला: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी सुरू होती, अठरा हजारांवर माणसं. ती १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली, तिथेही कर्करोग आणि मृत्यू वाढलेले. पुढे ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं. २०१२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या लोकांनी ७८ चाचण्या, जवळपास तीन लाख माणसं, एकत्र पाहिली. आयुष्य वाढवणारा पुरावा हाती आला नाही. बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यू किंचित जास्तच.

गाजर निर्दोष आहे. गाजर खाणारा माणूस आणखीही बरंच काही खातो आणि बरंच काही टाळतो. गोळीत त्यातलं काही येत नाही.

न्यायाची बाजू: उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्या आजाराच्या मधल्या टप्प्यावर क, ई, बीटा-कॅरोटीन आणि जस्त असलेल्या एका ठरावीक मिश्रणानं पुढची झीज सुमारे पाव हिश्शानं कमी होते, हे २००१ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. नंतरच्या चाचणीत त्यातलंही बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन घातलं. पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्या यकृताला एन-ॲसिटिलसिस्टीन वाचवतं, कारण यकृतातलं संपलेलं ग्लुटाथायोन ते भरून काढतं. दोन्हीकडे रोग नेमका, मात्रा नेमकी.

*

मावसबहिणीचा पुण्याहून फोन. तिचं रेडिएशन चालू आहे. शेजारीण अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणून देते आहे, घेऊ का? मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखव, ते नको म्हणतील बघ. किरण गाठीला मारतात ते बरंचसं पेशीतल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलकं तयार करून. नेमकी तीच आपण पैसे देऊन विझवायची? संध्याकाळी तिचा निरोप, ‘ताई, नकोच म्हणाले.’

पांढऱ्या पेशीही जंतूंना मारायला मूलकंच वापरतात. काही मुलं ती तयार करणाऱ्या एन्झाइमविना जन्मतात. त्यांना पुन्हा पुन्हा गळवं होतात, बुरशीचे आजार होतात. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हेही मुक्त मूलकच, १९९८ चं नोबेल त्याच्यावर. आणि व्यायाम! २००९ मध्ये जर्मनीत काही तरुणांना व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर इन्सुलिनला दाद देण्याची सुधारणा त्यांच्यात झालीच नाही. गोळी न घेणाऱ्यांत झाली. मूलकांचा थोडा चटका बसला की स्नायू शिकतात.

*

या विषयावर जगभर वाचला जाणारा एक लेख कल्याणचा आहे. बिर्ला महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या लोबो, पाटील, फाटक आणि चंद्रा यांचा, २०१० चा. त्याआधी २००४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे देवसगायम, पुणे विद्यापीठातल्या घासकडबी, डॉ. आर. डी. लेले आणि सहकाऱ्यांनी भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात असाच मोठा आढावा लिहिला होता. अणुकेंद्राचा माणूस हळद-आवळ्याच्या विषयात कसा, असं सुनेनं विचारलं. गर्शमनबाई आठवा. किरणोत्साराची इजा शोधत निघालेला माणूस इथेच पोचतो.

*

महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत नि देवळांत जयपूरची संगमरवरी मूर्ती असते. संगमरवरात क्वार्ट्‌झ थोडं. वालुकाश्मात भरपूर. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींत आणि सिरोहीकडे पिंडवाड्याला देवळांचे दगड घडवणाऱ्यांत सिलिकोसिस, म्हणजे या क्वार्ट्झच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, घरोघरी आहे. ताज्या फुटलेल्या क्वार्ट्‌झच्या कडेवर मूलकं असतात. तीच धूळ जुनी झाली की त्या मानानं निवते. मशीन आलं, ताजी आणि बारीक धूळ वाढली. फुप्फुसातल्या पेशी ती गिळतात, पचवू शकत नाहीत आणि चिडून आणखी मूलकं सोडत मरतात. राज्यानं २०१९ मध्ये या आजारासाठी वेगळं धोरण आणलं. गेलेलं फुप्फुस कुठल्याही रसानं परत येत नाही. कापताना दगडावर पाणी सोडणं आणि धूळ ओढून घेणं, हाच उपाय. देवळाचं कंत्राट देणाऱ्यांनी तो खर्च अंदाजपत्रकात धरावा.

*

थंडी पडायला लागली. ट्रंकेतून रजया काढल्या. जयपुरी रजई, हलकी, आणि तिला डांबरगोळ्यांचा वास. इथे त्यांना फिनाइल की गोली म्हणतात. सुनेला नववा लागला आहे. तिनं बाळासाठी आईनं पाठवलेली दुपटी त्याच ट्रंकेत ठेवली होती, वर चार गोळ्या टाकून. ‘आई, कसर लागू नये म्हणून.’

सगळं बाहेर काढलं.

तांबड्या रक्तपेशीचं काम रात्रंदिवस ऑक्सिजन वाहण्याचं, म्हणजे मूलकांचा धोका सगळ्यात तिलाच. तिची ढाल ग्लुटाथायोन. ती ढाल पुन्हा उभी करायला जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम लागतं. काहींत ते जन्मतः कमी असतं. बहुतेकदा मुलग्यांत दिसतं, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. एरवी त्यांना काही होत नाही, कळतही नाही. मग हिवतापावर प्रायमाक्विन दिलं, बाकल्याच्या शेंगा खाल्ल्या किंवा नॅफ्थलीन अंगात गेलं की पेशी भराभर फुटतात, लघवी काळपट होते, कावीळ चढते. १९५६ मध्ये प्रायमाक्विनच्या निमित्तानं या एन्झाइमची उणीव लक्षात आली. आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात ती १९६० च्या दशकात नोंदली गेली. अनेक आदिवासी समाजांतही आहे. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. तान्ह्या बाळात ते वासातून आणि कातडीतून आत जातं आणि त्याची कावीळ मेंदूपर्यंत पोचू शकते.

सून म्हणाली, आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या घालतात. घालतात खरं, आमच्याकडेही घालत. कुणाला काही झालं तर ‘बाळाला कावीळ झाली’ एवढंच म्हटलं जात असे.

दुपटी तीनदा धुतली, गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकली. गोळ्या घराबाहेर गेल्या. तुमच्या घरी बाळ येणार असेल तर ट्रंक आज उघडा, आणि डॉक्टर प्रायमाक्विन लिहून देत असतील तर जी-सिक्स-पी-डी तपासलं का, एवढं विचारा.