नळाचा धनी कोण?

गेल्या आषाढांत जांभळाचें रोप लावण्यासाठीं आम्हीं भावंडांनीं अंगणांत खड्डा खणला. हातभर खोल गेलों तों कुदळ खट्कन् वाजली आणि खड्डा पाण्यानें भरूं लागला! फुटलेला नळ एकट्या आमचा नव्हता. शेजारच्या आजींकडेही तोच जात होता. त्या एकट्या राहतात, व गुडघेदुखीमुळें त्यांना कळशी उचलवत नाहीं. आमचीं तोंडें उतरलीं.

आतां सांगावें कोणास? साताऱ्यांत पाणी म्हणजे कासचें, ही आमची लहानपणापासूनची समजूत. कासचें तळें पश्चिमेस डोंगरमाथ्यावर असल्यामुळें तेथील पाणी आपल्याच उतारानें शहरांत येतें. त्याच्याही पूर्वीं प्रतापसिंह महाराजांनीं महादऱ्याचें तळें बांधविलें होतें. शिवाय २०२० सालीं शहराची हद्द वाढून आमची ग्रामपंचायतीची वस्ती नगरपालिकेंत आली. तेव्हां नळही नगरपालिकेचाच, असा सरळ हिशेब करून वडिलांबरोबर आम्ही तिकडे गेलों. तेथील कारकुनांनीं पत्ता ऐकला व ते हंसून म्हणाले, "बाळांनो, हद्द कागदावर सरकते, जमिनींतला नळ सरकत नाहीं. तुमच्याकडे जीवन प्राधिकरणाचें पाणी, कृष्णेचें. पाण्याचें बिल पाहिलेंत का?"

बिल! तें आमच्या फडताळांत लोणच्याच्या बरणीखालीं अंथरलेलें होतें. तेलाच्या वर्तुळांतून कचेरीचें नांव व ग्राहक क्रमांक स्पष्ट वाचतां येत होता. इतकीं वर्षें दरमहा पैसे भरले, पण ते कोणास, हें घरांत वडिलांवांचून कोणी वाचलें नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर तेही विसरले होते.

प्राधिकरणाच्या कचेरींत आणखी एक गोष्ट कळली. रस्त्याखालची मोठी वाहिनी त्यांची; तेथून घरापर्यंतचा नळ मात्र जोडणी घेणाऱ्याचा. ही जोडणी आमच्या आजोबांनीं व आजींच्या यजमानांनीं मिळून घेतलेली. म्हणजे ज्या धन्याच्या शोधांत आम्ही दोन कचेऱ्या हिंडलों, तो धनी आमच्याच अंगणांत कुदळ घेऊन उभा होता! परवानाधारक नळकारागीर आणावा लागला, आणि त्याच्या मजुरीपायीं आमचे खाऊचे पैसे गेले.

दोन दिवस समोरच्या घरून पाणी आणून आम्हीं आळीपाळीनें आजींचा माठ भरला. त्या रागावल्या नाहींत, एवढेंच कठीण गेलें. तिसऱ्या दिवशीं नळ वाहूं लागला, तेव्हां त्यांनीं पहिला तांब्या जांभळाच्या रोपाला घातला. तें रोप आम्हीं आतां कुंपणापाशीं लावलें आहे. जागा आधीं वडिलांस दाखवून.