जुनं पान की नवं?

नाशिकला आमच्या सोसायटीत एरवी गंगापूर धरणाचं पाणी येतं. उन्हाळ्यात त्यात बोअरचं मिसळतात. माझ्या तीन फुटी फिशटँकमध्ये साधारण शंभर लिटर पाणी, थोडे टेट्रा आणि पुष्कळ झाडं आहेत. एप्रिलमध्ये काचेवर पांढरा थर धरू लागला. मग हायग्रोफिलाच्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली. रोटालाचे शेंडे पांढुरके झाले. व्हॅलिसनेरिया मात्र जोमात होती. तिला जड पाणी मानवतं, पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही ती कार्बन घेते.

दुकानदारानं खताची महागडी बाटली पुढे केली. त्याआधी मी मामांना फोटो पाठवला. त्यांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे.

त्यांनी एकच विचारलं, "भोकं जुन्या पानाला आहेत का नव्या?"

जुन्या, खालच्या.

"मग पालाश कमी पडतोय. झाड जुन्या पानातला पालाश काढून नव्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोहाची कमतरता शेंड्याला दिसते. तुझ्याकडे दोन्ही आहे गं."

ते पटलं. माशांच्या खाण्यातून नत्र आणि स्फुरद मिळतं, पालाश, म्हणजे पोटॅशियम, फारसा मिळत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, पालाश नावापुरता. नायट्रेट तपासलं, ते पुरेसं होतं. म्हणून नायट्रेट असलेलं १३:०:४५ न घेता कृषी सेवा केंद्रातून ०:०:५० आणलं, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. शंभर लिटरला एक ग्रॅम टाकलं की लिटरमागे साधारण चार-साडेचार मिलिग्रॅम पोटॅशियम वाढतं. पाणी बदललं की तेवढंच देते.

लोहाचं थोडं अवघड होतं. बाजारातलं बरंचसं लोह ईडीटीएमधलं असतं आणि सामू सातच्या वर गेला की ते टिकत नाही. चुनखडीच्या जमिनीत शेतकरी ईडीडीएचए वापरतात, तेच चिमूटभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं दिलं. पाण्याला लालसर झाक येते. पहिल्यांदा धास्ती वाटली, पण माशांना काही झालं नाही.

जडपणा कमी व्हावा म्हणून पाणी बदलताना घरच्या आरओचं थोडं मिसळू लागले. प्रमाण हळूहळूच वाढवलं, कारण पाण्यातले क्षार एकदम कमी झाले तर मासे गळून जातात.

भोकं पडलेली पानं भरून येत नाहीत. ती पाहून रोज जीव खालीवर व्हायचा. सुधारणा बघायची ती नव्या पानांत. हायग्रोफिलाचं पहिलं अखंड पान आलं तेव्हा फार बरं वाटलं. मग जुनी कापून टाकली.

केंद्रात १९:१९:१९ खतही स्वस्त मिळतं. ते टँकमध्ये टाकू नका. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं, आणि सामू जास्त असेल तर तो अमोनिया माशांना आणखी घातक ठरतो. पिशवीवर नत्र कोणत्या रूपात आहे ते छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या.